चार अक्षरांचा दगड

१० फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, राग आला की बोलू नका, लिहून काढा. रक्तदाब उतरेल." म्हणून ही वही. पहिल्याच पानावर नोंद करून ठेवतो: या इमारतीत जोवर माणसं राहतात तोवर माझा रक्तदाब उतरणार नाही.

आज एकदाचं लिफ्टचं काम सुरू झालं. माझ्या बापाच्या वेळची इमारत, तीन मजले, आणि लिफ्ट नाही. पोलिक्सेनीचे गुडघे आधीच गेलेले होते, त्यात पडून खुबा मोडला. त्याला आता दोन हिवाळे झाले. तेव्हापासून माझी बायको तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली आहे. खाली गेली ती फक्त इस्पितळात, तीही स्ट्रेचरवर. दिवसभर बाल्कनीत बसते, समोरच्या बागेकडे बघते आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाशी वरून गप्पा मारते. त्या बागेत जगातली पहिली अकादमी होती, म्हणून आमच्या वस्तीचं नावही अकादमी. आता तिथे ऑलिव्हची झाडं आहेत, पडके पाये आहेत आणि कुत्री आहेत.

या लिफ्टसाठी मी किती सभा लढवल्या ते विचारू नये. पहिल्या मजल्यावरच्या असिमिनाबाई प्रत्येक सभेत एकच वाक्य बोलायच्या: "मला लिफ्ट काय करायची? मी पहिल्या मजल्यावर राहते." मी त्यांना सामाईक हित म्हणजे काय, नगर म्हणजे काय, माणूस एकटा का पुरा पडत नाही, सगळं समजावलं. सारी नोकरी शाळेत तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली माझी, एवढं तर येतंच. शेवटी बाई 'हो' म्हणाल्या. मला वाटलं, युक्तिवाद पटला. मागाहून कळलं की पोलिक्सेनीने बाल्कनीतून दोरीला टोपली बांधून त्यांच्याकडे नारिंगाच्या सालींचा मुरंबा सोडला होता.

१३ फेब्रुवारी

लिहायला बसलो की खाली हातोडा सुरू होतो. पालिकेच्या सांस्कृतिक केंद्रात पुढच्या महिन्यात माझं व्याख्यान आहे, 'प्राचीन विचार आणि आजचा माणूस'. पहिलं पान झालं. दुसऱ्यावर 'आजचा माणूस' एवढंच लिहून झालंय, कारण आजचा माणूस खाली खड्डा खणतो आहे आणि मोठमोठ्याने गातो आहे. त्याचं नाव लाम्ब्रोस. मिस्त्री चांगला आहे, गळा भयानक आहे.

पोलिक्सेनी मात्र खुशीत. तिला तो आवाज गोड लागतो. सकाळी म्हणाली, "मिल्तो, लिफ्टमध्ये आरसा असणार का रे?" मी म्हटलं, असतो. "मग मी एकटी जाणार पहिल्यांदा. तू जिन्याने ये. बटण मी दाबणार." मी म्हटलं, बरं. एवढं बोलून ती लाजल्यासारखी हसली, आणि मला उगीचच दुसऱ्या खोलीत जावंसं वाटलं.

१७ फेब्रुवारी

व्हायचं तेच झालं.

दुपारी लाम्ब्रोसची हाक आली, "मास्तर, खाली या! पण हळू या, आणि एकटे या." या शहरात खड्ड्याच्या तळातून 'हळू आणि एकटे या' अशी हाक आली की काय सापडलंय ते शेंबड्या पोरालाही कळतं. जुनं काही निघालं की कळवायचं आणि काम थांबवायचं, असा कायदा आहे. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या जागेत एक मडकं निघालं होतं. बेकरीवाला देवाघरी गेला, त्याच्या मुलाचे केस पांढरे झाले, जागेवर अजून पत्रे उभे आहेत.

खाली गेलो. एकटा कसला! असिमिनाबाई मागच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आल्या होत्या आणि शेजारच्या कॉफीच्या दुकानाचा मालक झाफिरिस हातात रिकामा ट्रे घेऊन खड्ड्याच्या काठावर उभा होता. तळाशी संगमरवराचा एक तुकडा. डावीकडून तुटलेला, मळलेला. त्यावर आमच्या लिपीतली चार अक्षरं, नीट कोरलेली: ओरोस.

"डोंगर!" लाम्ब्रोस म्हणाला. "डोंगर लिहिलंय, मास्तर. पण कुठला ते नाही लिहिलं."

"डोंगर कसला, मेल्या?" वरून असिमिनाबाई. "सलाईन आहे ते! आमच्या ह्यांच्या बाटलीवर हेच लिहिलेलं असायचं. आठ दिवस वाचत होते मी."

झाफिरिस म्हणाला, "दोघंही चुकलात. 'अट' आहे ती. बँकेच्या कागदावर बारीक अक्षरात असते तशी. इथे ठळक आहे, म्हणजे बँक नक्कीच जुनी असणार."

मी ओरडलोच. अरे, आघात बदलला की आमच्या शब्दाचा अर्थ बदलतो, पण मोठ्या अक्षरांवर आघाताची खूण नसते, म्हणून काय तोंडाला येईल ते वाचायचं? प्राचीन भाषेत ओरोस म्हणजे हद्द! सीमेचा दगड! पवित्र जागेच्या कडेला असे दगड रोवत. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ व्याख्या. शब्दाची हद्द. सॉक्रेटिस जन्मभर ज्याच्या मागे फिरला ते हेच. धैर्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, हे ठरवायचं तर त्याभोवती हद्द आखावी लागते. आजचं सगळं विज्ञान, सगळा कायदा त्या एका सवयीवर उभा आहे. आणि तो शब्द माझ्या जिन्यामागे, अकादमीच्या हाकेच्या अंतरावर!

खरं सांगतो, इतका आनंद मला निवृत्तीनंतर झाला नव्हता. खड्ड्यात उतरलो आणि त्या दगडावरून हात फिरवला.

"म्हणजे लिफ्ट गेली," झाफिरिस म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

१८ फेब्रुवारी

लाम्ब्रोसचं म्हणणं सरळ आहे. "काँक्रीटची गाडी पाच मार्चला सांगितली आहे. मी काही पाहिलं नाही. मला वाचता येतं कुठे? मी तर डोंगर वाचला." वर डोळा मारतो. या माणसाच्या हाताखाली किती देवळं पुरली गेली असतील देव जाणे.

रात्रीच्या जेवणाला पोलिक्सेनीला सगळं सांगितलं. म्हटलं, हा साधा प्रश्न नाही. एका बाजूला सत्य, दुसऱ्या बाजूला तू. अन्याय करण्यापेक्षा अन्याय सोसलेला बरा, हे मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं.

तिने मसुराच्या आमटीत व्हिनेगर ओतलं, ढवळलं. "आणि सोसायचं कोणी?"

"म्हणजे?"

"तत्त्व तुझं, गुडघे माझे. म्हणून विचारलं."

मी म्हटलं, हे बोलणं तर्काला धरून नाही. तर ही बाई उठून, भिंत धरत धरत, बाल्कनीत गेली आणि खाली झाफिरिसशी हवापाण्याच्या गप्पा मारायला लागली. गंभीर विषय निघाला की हिला नेमकी हवा आठवते.

२० फेब्रुवारी

जिन्यात सभा. आमच्याकडे मतं डोकी मोजून पडत नाहीत, घराच्या आकाराप्रमाणे हजारातले हिस्से धरून पडतात. मोठं घर, मोठं मत. मी एकदा म्हणालो होतो की आपल्या पूर्वजांनी हे पाहिलं असतं तर लोकशाहीचा शोधच लावला नसता. तेव्हाही कोणी हसलं नव्हतं.

मी म्हटलं, "मतदानाआधी एक ठरवू. आपण जे करणार आहोत ते न्याय्य आहे का? आणि त्याआधी, न्याय म्हणजे काय?"

"आई गं!" असिमिनाबाई पायरीवर बसल्याच. "माझं दूध उतू जाईल हो, मास्तर."

दुसऱ्या मजल्यावरचं घर झाफिरिसच्या मालकीचं, म्हणून त्यालाही मत आहे. तो म्हणाला, "मास्तर, असं बोलणाऱ्याला आपल्या शहराने एकदा विषाचा पेला पाजला होता. तुम्हाला बिनसाखरेची कॉफी देऊ की बेताची गोड?"

सगळे हसले. मी हसलो नाही. मी सांगत राहिलो: खोटेपणाच्या पायावर लिफ्ट उभी राहील, पण तिच्यातून वर जाणारा माणूस खाली जाईल. वाक्य चांगलं होतं. व्याख्यानात घालीन.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून पोलिक्सेनीचा आवाज: "अगं असिमिना, खाली एवढी माणसं जमलीत, तर चौघं वर या की!"

मी ओरडलो, "पोलिक्सेनी, सभा चालू आहे!" तिला नेहमी माणसं हवी असतात. सभा, तत्त्व, कशाचा पोच नाही. असिमिनाबाई मात्र वर बघत राहिल्या, नंतर जमलेल्या पुरुषांकडे एकेक करून बघितलं त्यांनी, जणू बाजारात भोपळे निवडतायत.

मतदान झालं. काँक्रीट ओतायचं, एकमताने. माझं सोडून. इमारतीचा कारभारी मी, म्हणजे लाम्ब्रोसला होकार कळवायचा तोही मीच. याला म्हणतात आगीतून फुफाट्यात.

२३ फेब्रुवारी, स्वच्छ सोमवार

उपवासाच्या पर्वाचा पहिला दिवस. सगळी वस्ती बागेत पतंग उडवत होती. मी तिळाचा सपाट पाव, हलवा आणि लोणच्याचे ऑलिव्ह आणले. आम्ही बाल्कनीत जेवलो. एक पतंग येऊन आमच्या अँटेनात अडकला. पोलिक्सेनीने दोरा हातात धरला तो सोडेचना. खालचा बाप ओरडत होता, "बाई, द्या की सोडून!" ही म्हणते, "थांब रे, जरा माझ्याकडे राहू दे."

मी तिला समजावलं की स्टोइक लोक म्हणत, आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे ओळखलं की माणूस मुक्त होतो. जिना आपल्या हातात नाही. मन आहे. ती म्हणाली, "मिल्तो, तू आज खाली गेलास ना बागेत? गवत ओलं होतं का?" मी म्हटलं, मी लक्ष दिलं नाही. तिने दोरा बोटाला गुंडाळला. मला वाटतं, स्टोइकांचा विचार तिच्या मनात उतरला असावा.

२६ फेब्रुवारी

आज ठरवलं. सत्य सांगायचं. दाढी केली, कोट घातला, बस बदलून पुरातत्त्वाच्या कार्यालयात गेलो. दारावर कागद: आज संप.

परत येताना मला हलकं वाटत होतं. हे लिहायची लाज वाटते, पण डॉक्टरांसाठी नाही तर निदान स्वतःसाठी खरं लिहावं. मी धैर्यावर शंभर तास दिले असतील वर्गात. आणि एका संपाच्या कागदापुढे मी मनातल्या मनात टाळी वाजवली. पाच तारखेला काँक्रीट येईल, आपोआप होऊन जाईल, माझ्या हातात काही नव्हतं असं म्हणता येईल. पोलिक्सेनी खाली उतरेल. आरशात बघेल.

मग जिन्यामागच्या त्या खड्ड्याशी आलो. लाम्ब्रोसने दगडावर जुनं पोतं टाकलं होतं. पोतं उचलून चार अक्षरं परत वाचली, आणि डोकं पुन्हा भणाणलं.

३ मार्च

लवकर निघालो. पोलिक्सेनीला सांगितलं, कार्यालयात चाललोय. मला वाटलं होतं, ती रडेल-बिडेल. ती म्हणाली, "जा. वेळ लागेल ना तिथे?" मी म्हटलं, बराच. "लागू दे," ती म्हणाली. या मोठेपणाने मला गदगदून आलं. जिना उतरताना डोळे पुसले.

तिथे ज्या बाई होत्या त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय सापडलं?" सांगितलं. "फोटो?" दिला. त्यांनी उसासा टाकला. "अहो, कशाला आलात?" असं त्या म्हणाल्या नाहीत, पण तो उसासा तेच म्हणत होता. काम आजपासून बंद, माणूस पाहायला येईल. कधी? "ईस्टरच्या आगेमागे." आणि मग? "मग समिती." आणि मग? त्या बाईंनी हात वर केले, आमच्याकडे देवाकडे बोट दाखवतात तसे.

परतीच्या बसमध्ये मी भाषण तयार केलं. पोलिक्सेनीसमोर गुडघे टेकायचे, सगळं सांगायचं. तिचे हाल, माझं सत्य. शब्द इतके नेमके जुळत होते की माझं मलाच भरून आलं.

दार उघडलं. घर रिकामं. बाल्कनी रिकामी. कठड्यापाशी तिच्या सपाता.

खाली वाकून रस्ता पाहिला. कोणी नाही. ओरडत जिना उतरलो. असिमिनाबाईंचं दार सताड उघडं, घरात कोणी नाही. लाम्ब्रोसची फावडी पडलेली, लाम्ब्रोस नाही. झाफिरिसचं दुकान उघडं, गल्ल्यावर मांजर. सगळी इमारत कुठे गेली?

बागेत होती.

ऑलिव्हखाली असिमिनाबाईंची मोठी हातांची खुर्ची, आणि खुर्चीत पोलिक्सेनी. अंगावर तिचा लग्नकार्याचा कोट. पायात मोजे नाहीत, पाय गवतात. आजूबाजूला असिमिनाबाई, लाम्ब्रोस, झाफिरिस, त्याच्या दुकानात रोज पत्ते खेळणारे दोघं. सगळे सूर्यफुलाच्या बिया सोलत होते, घामेजलेले.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलो. एवढंच सुचलं. गुडघे टेकायचं राहिलं.

"तुला सांगितलं असतं तर तू सभा बोलावली असतीस," ती म्हणाली.

लाम्ब्रोसला ठसका लागला.

मी तिथेच सांगून टाकलं. दगड कळवला. काम बंद. लिफ्ट दोन वर्षं, कदाचित कधीच नाही. सगळ्यांचं बिया सोलणं थांबलं. पोलिक्सेनीने एक बी दातांत धरली, सोलली, साल हातात घेतली.

"म्हणजे बटण नाही."

"नाही."

"मला राग येणार आहे, मिल्तो. चांगलाच येणार आहे. पण उद्या. आज ऊन आहे."

४ मार्च

आला.

सकाळपासून बोलत नव्हती. दुपारी बोलली, तेव्हा वाटलं, न बोलणं बरं होतं. "तुला काय वाटलं, मला हौस आहे? चार परपुरुष मला उचलतात, एकाचा हात माझ्या काखेत, दुसऱ्याचा श्वास मानेवर, आणि जिन्यात प्रत्येक दारात कोणीतरी उभं. गुड फ्रायडेला देवाची तिरडी मिरवत नेतात तशी मी उतरले काल. फक्त फुलं घालायची राहिली होती. मला एकटीला जायचं होतं. दार बंद, आरसा, आणि मी. ते तू घालवलंस."

मी म्हटलं, "मग तू मला आधी थांबवायचंस. सांगायचंस, जाऊ नको."

"मी सांगितल्यावर तू थांबला असतास?"

विचार केला. माहीत नाही. इथेच घोडं पेंड खातं. मी म्हटलं, "पण मी केलं ते बरोबर की चूक?"

"ते मला विचारू नकोस," ती म्हणाली. "बरोबरच असेल. तू नेहमीच बरोबर असतोस. दोन हिवाळे तू नुसता बसून बरोबर होतास."

मी नुसता कुठे बसतो? मी तर हिच्यासाठी सभा लढवल्या. हिचं बोलणं कधीकधी मला खरंच कळत नाही. शिवाय त्या असिमिनाबाई! लिफ्टला वर्षानुवर्षं आडव्या आल्या आणि आता स्वतःची खुर्ची देऊन, माणसं जमवून पुण्य कमावतायत. हिला खाली न्यायला मंगळवार आणि शुक्रवार ठरवलाय म्हणे त्यांनी. आमच्या घरचा निर्णय, आणि मला तो दुधवाल्याकडून कळतो.

१९ मार्च

व्याख्यान झालं. खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या, कारण पोलिक्सेनीला आणणारे सगळे तिच्याबरोबर आले आणि त्यांना परत जाता येईना. ती पहिल्या रांगेत. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच तिने माझं व्याख्यान ऐकलं. मी सांगितलं की आज आपण प्रश्न विचारतो, पुरावा मागतो, राजाला 'का?' म्हणतो, ते सगळं या मातीतून आलं. लिफ्टवरचं वाक्यही घातलं. टाळ्या पडल्या.

शेवटी प्रश्न. पोलिक्सेनीचा हात वर.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमचा सॉक्रेटिस दिवसभर बाजारात लोकांना प्रश्न विचारत फिरायचा. तेव्हा घरी चूल कोण पेटवायचं? आणि तिने कधी काही विचारलं होतं का?"

सभागृह हसून लोळलं. केंद्राच्या तरुण संचालिकेने तर ते लिहून घेतलं आणि मला म्हणाली, सर, पुढचं व्याख्यान यावरच ठेवू या का? मी हो म्हटलं. काय करणार? मी उत्तर दिलं की त्या बाईंबद्दल फारसं काही नोंदलेलं नाही. पोलिक्सेनी म्हणाली, "तेच तर."

घरी आल्यावर मी विचारलं, मुद्दाम केलंस ना? तिने माझी टाय सोडवली आणि म्हणाली, "व्याख्यान चांगलं होतं रे. मला माहीत नव्हतं तू इतका चांगला बोलतोस. घरी तर नुसता ओरडतोस."

२७ मार्च

ईस्टरच्या आधीच पाहणीला माणूस आला. चमत्कार. पोरगेलासा, दाढीवाला, पाठीला पिशवी. खड्ड्यात उतरला, ब्रश फिरवला, दगड उलटा केला. मागच्या बाजूला सिमेंट आणि एक गंजका खिळा.

"सर," तो म्हणाला, "हा दगड डावीकडून तुटलाय ना? आधी तीन अक्षरं असणार. एम्बोरोस. व्यापारी. कुठल्या तरी दुकानाची पाटी आहे. तुमच्या आजोबांच्या वेळची, फार तर."

मी खाली बसलो. किराणा दुकानाची पाटी! हद्द नाही, व्याख्या नाही, सॉक्रेटिस नाही. साबण आणि काबुली चणे. मागे लाम्ब्रोस इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. "मास्तर, म्हणजे डोंगर नव्हता तर!"

मी जीव गोळा करून विचारलं, "म्हणजे आता काम सुरू करता येईल?"

त्याला माझी कीव आली असावी. "नाही ना, सर. तुम्ही कळवलंत, फाईल उघडली. आता पाटी प्राचीन नाही, असा ठराव समितीला करावा लागेल. पाटी प्राचीन असती तर लवकर झालं असतं."

मी वर येऊन हे पोलिक्सेनीला सांगितलं. मला वाटलं, ती भडकेल. ती आधी हसली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसणं थांबलं आणि पाणी तसंच येत राहिलं. मी तिथे उभा होतो. मला एकही विचारवंत आठवेना. मी तिचा हात धरला, आणि ती म्हणाली, "दुकानाची पाटी, मिल्तो," आणि पुन्हा हसली.

३१ मार्च

झाफिरिसची कंबर धरली. सकाळी दुकानाचं शटर उचलताना. म्हणजे आज खुर्चीला तीनच माणसं.

मी म्हटलं, मग आजचा दिवस राहू दे, शुक्रवारी बघू. पोलिक्सेनी कोट घालून तयार बसली होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर मी वाद घातला असता: वय, रक्तदाब, जिन्याची वळणं, पडलो तर दोघंही पडू. सगळं तयार होतं. ती नुसती बसून राहिली, पर्स मांडीवर धरून.

लाम्ब्रोस म्हणाला, "मास्तर, मागचा डावा कोपरा धरा. सोपा असतो तो."

तो कोपरा सोपा नसतो. त्या माणसाने मला फसवलं. सगळा भार मागे येतो, पुढचं काही दिसत नाही आणि पाय चाचपडत पायरी शोधतो. पहिल्याच वळणावर माझे दंड कापायला लागले. दोन हिवाळे मी या बाईसाठी भांडलो, सभा घेतल्या, बस बदलून कार्यालयात गेलो, आणि ती किती जड आहे हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर क्षणभर टेकलो. माझ्या मनात एक विचार आला. चांगला विचार होता, व्याख्यानाच्या लायकीचा. मी तोंड उघडलं, पण श्वास पुरला नाही.

"काय म्हणालास?" पोलिक्सेनीने मान मागे वळवून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "पाय आत घे. वळण आहे."